खारीला हत्तीचं काडतूस

अमेरिकेच्या पोटात, डाकोटापासून वायोमिंगपर्यंत पसरलेल्या गवताळ माळांवर प्रेअरी डॉग नावाचा प्राणी राहतो. नावात कुत्रा असला तरी जात खारीची. वजन किलोभर, उंची मागच्या पायांवर उभा राहिला तर फूट-सव्वा फूट. व्यवसाय दोन: गवत खाणे आणि बिळाच्या तोंडाशी उभं राहून आळीला धोक्याची वर्दी देणे. १८०४ साली लुइस आणि क्लार्क यांची मोहीम आजच्या नेब्रास्कात पोचली, तेव्हा हा प्राणी जिवंत धरायची हुक्की त्यांना आली. आधी बिळं खणून पाहिली. मग पिंपांनी पाणी आणून बिळात ओतलं. मोहिमेतल्या धट्ट्याकट्ट्या माणसांचा दिवस त्यात गेला, तेव्हा कुठे एक प्रेअरी डॉग चिंब भिजून वर आला. पुढच्या वर्षी त्यांनी पाठवलेला एक तर जिवंतपणी थेट राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यापर्यंत पोचला. आज त्याच प्राण्यासाठी हौशी माणूस कारागिराकडे खास नळीची ऑर्डर देतो, महिनोन्‌महिने थांबतो, रायफलीवर भलीमोठी दुर्बीण बसवतो, माळावर टेबल मांडतो, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवतो आणि बार काढतो. मग शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतो. तो "लागली का?" असा नसतो. "किती गेली?" असा असतो. किती म्हणजे सेकंदाला किती फूट. "एकेचाळीसशे." "माझी बेचाळीसशे." पहिल्याचा चेहरा पडतो. दरम्यान खार बिळात जाऊन बराच वेळ झालेला असतो, पण तिची चौकशी कोणी करत नाही.

प्रस्तुत लेखकाचा शस्त्रास्त्रांतला अधिकार दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापाशी संपतो, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कृपेने तो पुढे सरकण्याची धास्तीही नाही. तरीही कडेला उभं राहणाऱ्याची एक सोय असते. त्याची नळी जळत नाही, त्यामुळे डोकं थंड ठेवून हिशेब करता येतो. तो हिशेब असं सांगतो की खारीला लागणारा वेग बंदुकीने केव्हाच गाठला. त्यानंतरचा प्रत्येक फूट आकड्यासाठी आहे. दहावीच्या टक्क्यांचं आपल्याकडे जे झालं तेच इथे झालं. प्रवेश पंच्याऐंशीलाही मिळाला असता, पण शेजारच्या बंडूला अठ्ठ्याण्णव पडलेत, मग पुढचं सगळं आयुष्य उरलेल्या टक्क्यांच्या मागे. गंमत अशी की इथे वेग वाढवायला जे जे करावं त्याची भरपाई तो वेगच वसूल करून घेतो.

आकड्याची ही बाधा कुठून लागली, त्याचा पुरावा काडतुसाच्या नावातच आहे. १९१५ साली सॅव्हेज कंपनीने चार्ल्स न्यूटन या जाणकाराने बेतलेलं पाव इंची व्यासाचं एक काडतूस बाजारात आणलं. न्यूटनचं म्हणणं होतं की त्यात शंभर ग्रेनची गोळी घालावी. (ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त.) पण शंभर ग्रेनची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या आत राहत होती, आणि कंपनीला तीन हजार हा गोल गरगरीत आकडा हवा होता. मग सत्त्याऐंशी ग्रेनची गोळी बसवली आणि काडतुसाचं नाव ठेवलं .२५०-३०००. गोळी तेरा ग्रेन हलकी झाली, जाहिरात तेवढीच वजनदार झाली. काडतुसाच्या नावात वेग घातला, जनावर घातलं नाही, इथेच पुढच्या शंभर वर्षांची दिशा ठरली. १९३५ साली विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणली, मारुतीच्या स्विफ्टच्या बरोबर सत्तर वर्षं आधी. अठ्ठेचाळीस ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला ४,११० फूट. म्हणजे आवाजाच्या साडेतीनपटीहून जास्त. शहाण्या माणसाने इथे दुकान बंद केलं असतं. हौशी माणसाने इथे दुकान उघडलं.

या दुकानात मिळणाऱ्या मालाला वाइल्डकॅट म्हणतात. कुठल्याच कारखान्यात न बनणारं, घरच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या काडतुसाची पितळी पुंगळी घेऊन घडवलेलं काडतूस. मोठी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळून छोट्या गोळीच्या मापाची करायची, खांदा काटकोनाकडे चढवायचा, पोटाचा उतार काढून टाकायचा. पुंगळीला मान, खांदा, पोट हे सगळे अवयव असतात, आणि हौशी माणूस स्वतःचे सोडून तिचे सुधारत बसतो. हेतू एकच, आत जास्त दारू मावावी. पण निसर्गाचा हिशेब चिकट मारवाड्यालाही लाजवील असा आहे. जाणकारांचा ठोकताळा सांगतो की दारूची जागा दहा टक्क्यांनी वाढवली तर वेग जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढतो. म्हणजे चार आणे मिळवायला रुपया घालायचा, आणि पुढचे चार आणे हवे असतील तर आणखी मोठा रुपया.

या न्यायाची शेवटची पायरी पी. ओ. ॲक्ली या अमेरिकेतल्या नामवंत बंदूक-कारागिराने दाखवून दिली. 'गन्स अँड ॲमो' मासिकाचे बॉब हटन यांना सेकंदाला पाच हजार फुटांच्या पलीकडे जायचं होतं. ॲक्लींनी .३७८ वेदरबी मॅग्नम ही पुंगळी निवडली. रॉय वेदरबींनी ती १९५३ साली हत्तीसारख्या जाड कातडीच्या जनावरांसाठी काढली होती. तिची मान आवळत आवळत ती .२२च्या मापावर आणली, आणि टोकाला पन्नास ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅमची गोळी बसवली. मागे गोळीहून जड दारू, पुढे चिमुकली गोळी. नाव ठेवलं .२२ इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर. असं जर्मन थाटाचं थट्टेखोर नाव ठेवणाऱ्याला आपण काय करतोय याची पूर्ण कल्पना असणार. वेग निघाला ४,६०० फुटांच्या थोडा वर. स्विफ्टच्या अडीचपटीहून मोठी पुंगळी, आणि स्विफ्टहून वेग बारा टक्क्यांनी जास्त. पाच हजार राहिले ते राहिलेच. कारण साधं आहे. दारू जळून जो वायू होतो त्याला गोळी ढकलायची असतेच, पण स्वतःलाही नळीतून पळायचं असतं. दारू वाढवत नेली की बहुतेक ताकद स्वतःलाच पळवण्यात जाते. याच्याही पलीकडे ज्यांना जायचं असतं ते दारू सोडून हायड्रोजनसारख्या हलक्या वायूवर चालणाऱ्या तोफा वापरतात. नासाच्या न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स केंद्रात अशा तोफा सेकंदाला सात किलोमीटरच्या वेगाने छोटे गोळे उडवतात. अंतराळातला कचरा यानावर आदळला तर काय होईल हे त्यांना पाहायचं असतं. न्यू मेक्सिकोत प्रेअरी डॉगही राहतात. ही माहिती योग्य माणसाच्या हाती लागू नये एवढीच प्रार्थना.

आता भरपाईचा भाग. जळत्या दारूचा वायू अतितप्त असतो आणि तो जिथून नळीत शिरतो तो नळीचा घसा प्रत्येक बारागणिक खरवडला जातो. छोटं भोक आणि मोठी पुंगळी हे जोडपं नळीच्या मुळावरच येतं. कडक वेगाच्या रायफलीची नळी हजार-दीड हजार बारांत नेम धरायची बंद होणं हे या पंथात अपघाती निधन मानलं जात नाही, ते वृद्धापकाळाने आलेलं मरण समजतात. इथे थोडी त्रैराशिकं करायला हरकत नाही. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा एक हजारांश भाग घेते, फार तर किंचित जास्त. गुणिले दीड हजार. म्हणजे शेकडो डॉलर मोजून आणलेल्या, महिनोन्‌महिने वाट पाहिलेल्या नळीचं एकूण कामकाजाचं आयुष्य दोन सेकंदांच्या आत आटोपतं. "नळी गेली हो." "अरेरे, केव्हा घेतली होती?" "गेल्या उन्हाळ्यात." मग कारागिराकडे पुन्हा रांग. मधल्या काळात जी चालू आहे ती घासायची. गोळीच्या आवरणाचं तांबं नळीत चिकटतं, ते काढायला उग्र वासाचं औषध, आणि १९७१च्या .१७ रेमिंग्टनसारख्या सुईच्या भोकाच्या रायफली तर चटकन घाण धरतात आणि त्यांच्यासाठी लागणारी सळई इतकी बारीक असते की मन लावून घासू गेलं तर तीच वाकते. घरातली मंडळी वासाने खिडक्या उघडतात, आणि नेमबाज महोदय दोन सेकंद वापरायच्या वस्तूवर दोन तास घालवून समाधानाने वर बघतात.

नळी वाचली तरी गोळी पोचेलच असं नाही. नळीतल्या पेचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते, आणि वेग वाढला की फिरकीही वाढते. चौदा इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून चार हजार फुटांनी सुटलेली गोळी मिनिटाला दोन लाखांहून अधिक गिरक्या घेते. आठ इंचांत एक फेरा देणारी नळी लावली तर साडेतीन लाखांच्या पुढे. हॉर्नेटसारख्या सौम्य काडतुसांसाठी केलेल्या पातळ आवरणाच्या गोळ्यांना हा मान सहन होत नाही. त्या वाटेतच फुटतात आणि हवेत राखाडी धुराचा एक झुबका तेवढा दिसतो. "चुकली का रे?" "चुकली नाही, संपली." सर्वात वेगवान गोळी म्हणजे अजिबात न पोचणारी गोळी, असा हा अध्यात्माकडे झुकणारा निष्कर्ष आहे. जी गोळी शाबूत राहते तिला हवा गाठते. हलक्या गोळीत दम कमी. .२०४ रुगरची बत्तीस ग्रेनची गोळी नळीतून निघताना ४,२२५ फुटांनी निघते, आणि तीनशे यार्डांवर पोचेपर्यंत त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वेग हवेने खाल्लेला असतो. ज्या आकड्यासाठी एवढा खटाटोप, तो नळीच्या तोंडाशीच काय तो खरा असतो. खार मात्र नळीच्या तोंडाशी बसत नाही. आणि तोही आकडा ऐतिहासिक नजरेने पाहावा. १९३५च्या जाहिरातीत ४,११०, २००४च्या जाहिरातीत ४,२२५. जवळजवळ सत्तर वर्षांत ११५ फूट, म्हणजे वर्षाला पावणेदोन फुटांच्या आत. प्रगतीचा हा वेग खुद्द प्रेअरी डॉगला परवडण्यासारखा आहे.

मोजमापाने तर या पंथाची जितकी सेवा केली तितकीच अब्रूही घालवली. गोळीचा वेग शास्त्रशुद्ध पद्धतीने मोजायला सुरुवात केली इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी. लटकवलेल्या जड लाकडावर गोळी झाडायची आणि ते किती झुलतं यावरून वेग काढायचा, ही युक्ती त्यांनी १७४२च्या ग्रंथात मांडली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत ते हिंदुस्थानात आले आणि १७५१ साली इथेच वारले. त्यानंतरची दोनशे वर्षं सामान्य हौशी माणसाकडे मोजायचं साधन जवळजवळ नव्हतंच, आणि तो सुवर्णकाळ होता. ज्याची बैठक जितकी रंगे तितकी त्याची गोळी वेगाने जाई. मग परवडणारे इलेक्ट्रॉनिक क्रोनोग्राफ आले आणि घरोघरच्या वाइल्डकॅटांचे वेग एका उन्हाळ्यात शेकड्यांनी उतरले. यावर "माझी दारू ओली असेल" पासून "हे यंत्रच बिघडलंय" पर्यंत सर्व स्पष्टीकरणं दिली गेली. काहींनी तर यंत्रावरच गोळी घातली. चुकून, असं ते म्हणतात. नळीच्या पुढ्यात ठेवलेल्या क्रोनोग्राफला गोळी लागणं हा या छंदातला इतका नेहमीचा अपघात आहे की तीनशे यार्डांवरची खार हुकवणारा माणूस पाच यार्डांवरचं महागडं यंत्र हमखास टिपतो, असा नियमच बांधता येईल.

या सगळ्यावर पंथीयांची उत्तरं तयार असतात, आणि ती ऐकून न घेणं अन्यायाचं होईल. पहिलं उत्तर: वेग जास्त म्हणजे गोळी सरळ जाते, अंतराचा अंदाज चुकला तरी नेम चुकत नाही. खरं आहे. दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या दोन रायफली घ्या, एक ४,१५० फुटांची .२२-२५० आणि एक साडेएकतीसशेच्या आतली .२२२ रेमिंग्टन. तीनशे यार्डांवर दुसरीची गोळी पहिलीपेक्षा तीन-चार इंच खाली उतरते. १९५० साली या तीन-चार इंचांना किंमत होती. आज प्रत्येकाच्या खिशात लेझरचा अंतरमापक आहे आणि दुर्बिणीवर अंतराप्रमाणे फिरवायची चकती आहे. दोन कट-कट केलं की तीन-चार इंच भरून निघतात, तेही नळी न जाळता. खरा वैरी वारा. डाकोटा आणि वायोमिंगच्या माळांवर तो सुट्टी घेत नाही. गोळी वाऱ्याने किती वाहवेल ते ती हवेत किती वेग गमावते यावर ठरतं, आणि तिथे लांब, जड, सडपातळ, तीन हजारांच्या आसपास जाणारी गोळी लांब पल्ल्यावर हलक्या चार हजारीला मागे टाकते. ज्यांचा सगळा खेळच अचूकपणाचा आहे त्या, टेबलावर रायफल टेकवून नेम धरणाऱ्या बेंचरेस्ट स्पर्धकांनी १९७०च्या दशकापासून डोक्यावर घेतलेलं ६ मिमी पीपीसी हे काडतूस तेहतीसशेच्या आसपास समाधानी असतं. एकाच भोकात पाच गोळ्या घालणाऱ्यांना चार हजार लागत नाहीत. एका गोळीत एक खार मारणाऱ्यांना लागतात.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे: वेगवान, ठिसूळ गोळी जमिनीवर आपटली की तिचा चुरा होतो, ती उसळून कुणाच्या गाईला लागत नाही, आणि प्राणी तडफडत नाही, जागच्या जागी मरतो. दोन्ही मुद्दे मान्य. फक्त ते .२२२नेही भागतात. किलोभर खारीच्या बाबतीत बत्तीसशे फूट आणि बेचाळीसशे फूट यांतला फरक खारीला विचारून पाहावा असा विचार मनात येतो, पण तीही सोय नाही. तीनशे यार्ड जायला आवाजाला सेकंदाचे आठ दशांश लागतात. वेगवान गोळी त्याच्या एक तृतीयांश वेळात पोचते, मंद गोळी निम्म्याच्याही आत. दोघींच्या वेळेत फरक सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. बार ऐकू येण्याआधीच निकाल लागलेला असतो, त्यामुळे तुलनात्मक अभिप्राय देण्याची संधी कुठल्याही खारीला आजवर मिळालेली नाही. आणि जे म्हणतात की हे सगळं बिचाऱ्या गुराख्यांच्या कुरणांसाठी चाललंय, त्यांनी हेही लक्षात घ्यावं की विसाव्या शतकात प्रेअरी डॉगांच्या वस्त्या आटल्या त्या मुख्यतः विष, नांगर आणि प्लेग यांनी. त्यांच्यावर जगणारं काळ्या पायांचं फेरेट नामशेष झालं असं मानलं गेलं होतं. १९८१ साली वायोमिंगच्या मिटीत्सीजवळ एका कुत्र्याने एक मारून घरी आणलं, तेव्हा ते अजून आहे हे कळलं. विष, नांगर, प्लेग, कुत्रा: चौघांचाही वेग चार हजारांच्या बराच आत.

तिसरं उत्तर इतिहासाचं: आजचा वेडेपणा उद्याचं प्रमाण होतो, .२२-२५०च बघा. हे उदाहरण खरोखर नामी आहे. जाहिरातीसाठी गोळी हलकी केलेली तीच .२५०-३००० पुंगळी हौशी लोकांनी १९३०च्या दशकात .२२वर आवळली, आणि १९६५ साली रेमिंग्टनने तिला कारखान्याचं रेशनकार्ड दिलं. पण मग हेही पाहावं की नळ्या जाळण्याबद्दल बदनाम झालेल्या, आकड्यात पुढे असलेल्या स्विफ्टला मागे सारून खपली ती हीच, तेवढ्याच वजनाच्या गोळीला स्विफ्टहून थोडी मंद. आकडे वाचून लोक स्विफ्टवर फिदा झाले आणि पैसे मोजताना .२२-२५० घेऊन घरी गेले. पंथाचा सर्वात मोठा विजय मंद गतीने मिळाला आहे, हे त्यांच्या सभेत सांगायला जाण्याची हिंमत मात्र करू नये.

शेवटी एक चौथं उत्तर उरतं, जे सहसा कोणी मोठ्याने देत नाही: आवडतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर याला तोड नाही. हौसेला मोल नसतं. पितळेचा खांदा मनासारखा उतरला, क्रोनोग्राफवर चाराच्या पुढे आकडा चमकला, यात माणसाला जो आनंद होतो तो कोणत्याही त्रैराशिकाने खोटा ठरत नाही. तक्रार फक्त एवढीच की या आनंदाची सबब म्हणून एका खारीला उभं करू नये. ज्याला खरंच कुरण राखायचं आहे त्याने साधी .२२२ घ्यावी, तिची नळी त्याच्या मुलालाही पुरेल. ज्याला आकडा हवा आहे त्याने खुशाल हत्तीची पुंगळी आवळावी, कानात बोळे घालावेत, आणि रेंजवर जाऊन क्रोनोग्राफपलीकडच्या मातीच्या ढिगाऱ्यात गोळी घालावी. आकडा तितकाच येतो.